एकदाच बसलेला माणूस

बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सराफाच्या दुकानात जातो. आमच्या खानदेशात त्या सणाचं नाव आखाजी, आणि मान दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. पितरांच्या नावाने घागर भरतात. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई असा बेत. हे झालं घरातलं. पुरुष मंडळी पारावर, खळ्यात, गोठ्याच्या सावलीत किंवा हंगाम संपून बंद पडलेल्या एखाद्या जिनिंगच्या आवारात गोल करून बसतात आणि पत्ते पिसले जातात. तीन पत्ती, रमी, झन्ना-मन्ना. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा, कपाळाला गंध लावून हरिपाठ म्हणणारा माणूसही या दिवसांत 'दोन डाव' म्हणून बसतो आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही.

सालदाराचं सालही आमच्याकडे आखाजीलाच ठरतं. जुनं साल संपतं, हिशेब होतो, नव्या सालाची उचल हातात पडते. म्हणजे ज्या दिवशी गड्याच्या हातात वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम असते, नेमके त्याच दिवशी गावभर डाव बसलेले असतात. परंपरा कुणी आखली ठाऊक नाही, पण त्याचं घर मळेवाल्याच्या ओळीत असणार, सालदाराच्या ओळीत नाही. सकाळी मिळालेली उचल संध्याकाळी मालकाच्याच भावाच्या पुढ्यात गेलेली मी पाहिली आहे. तो गडी पुढचं सगळं वर्ष हरलेल्या पैशांसाठी राबला.

कायदा आहेच. १८८७ सालचा. स्थानिक पेपरात 'जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा' ही ओळ वाचत आम्ही मोठे झालो. आखाजीच्या आसपास पोलिसांची नजर जरा सैल होते असं गावकरी धरून चालतात, आणि अधूनमधून एखादी धाड पडून त्यांचा हिशेब चुकतो.

तरी या सगळ्यात एक सोय आहे. आखाजी उठली की डाव उठतो. पाहुणे परत जातात, कपाशीच्या बियाण्याची पावती करायची असते, नांगरटी राहिलेल्या असतात. पत्त्यांचा जोड पुन्हा कपाटात जातो. तारीख ठरलेली आहे म्हणून हा खेळ गावाला पचतो, असं माझं मत.

मी चोपड्याकडचा, जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. पोकर या पत्त्यांच्या विलायती खेळाशी माझा संबंध तसा काही नाही. संबंध आला तो एका हिशेबनिसामुळे.

ख्रिस मनीमेकर हे त्याचं नाव. आडनाव खरोखरच मनीमेकर. मला आधी वाटलं होतं जाहिरातवाल्यांनी चिकटवलं असेल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, वय २७, नोकरी अकाउंटंटची. इंटरनेटवर फावल्या वेळात पत्ते खेळायचा. २००३ साली त्याने ८६ डॉलर भरून एका ऑनलाइन पात्रता फेरीत भाग घेतला. तेव्हाच्या भावाने चार हजार रुपये धरा. ती जिंकला म्हणून वरच्या फेरीत गेला, तीही जिंकला म्हणून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेची जागा मिळाली. त्या जागेची रोख किंमत होती १०,००० डॉलर. समोरासमोर टेबलावर बसून खेळायची त्याची ती पहिलीच स्पर्धा. ८३९ जण बसले होते, त्यांत आयुष्य पत्त्यांवर काढलेले नामांकित लोक होते. पाच दिवसांनी हा पठ्ठ्या विजेता होता. बक्षीस २५ लाख डॉलर. रुपयांत अकरा कोटींच्या वर.

ही गोष्ट सगळीकडे 'कुणीही जिंकू शकतो' या चालीवर सांगितली जाते. ती चाल मला कधीच पटली नाही. एक तर आदल्याच वर्षी, २००२ मध्येही, रॉबर्ट वर्कोनी नावाचा एक हौशी खेळाडूच ती स्पर्धा जिंकला होता, २० लाख डॉलर घेऊन. त्याचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही. त्याच्याकडे ८६ डॉलरची गोष्ट नव्हती. आणि टीव्हीची साथही तेवढी नव्हती. हेन्री ओरेनस्टाइन या पोलंडमध्ये जन्मलेल्या, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेल्या आणि तिथे खेळण्यांच्या धंद्यात नाव काढलेल्या माणसाने एक युक्ती शोधली होती: टेबलाच्या कडेला बारीक कॅमेरा, खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकाला दिसतील असा. २००३ च्या प्रक्षेपणात या कॅमेऱ्यांचा भरपूर वापर झाला. त्याआधी पोकर पाहणं म्हणजे गप्प बसलेली माणसं पाहणं. आता घरबसल्या माणसाला खेळणाऱ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं. कोण खोटं बोलतोय हे आपल्याला माहीत आणि समोरच्याला माहीत नाही, यासारखी मजा नाही.

मला त्या गोष्टीतली भावलेली जागा अगदी सुरुवातीची. शेवटच्या पात्रता फेरीत पहिल्या तिघांना वेगासची जागा होती आणि चौथ्याला रोख ८,००० डॉलर. मनीमेकरच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाची देणी होती. त्याला चौथा यायचं होतं! जागा विकता येत नाही, ती खाऊन पोट भरत नाही, रोख पैसे बरे. तो मुद्दाम हरायच्या बेतात होता, तेव्हा एका मित्राने समजावलं की तू जाच, मी तुझ्या बक्षिसात हिस्सा विकत घेतो. मग तो गेला. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. हातात येणारे आठ हजार खरे, दहा हजारांची जागा कागदावरची. त्याच्या जागी मी असतो तर मित्राचं ऐकलं नसतं.

आता त्या स्पर्धेची रचना सांगायला हवी, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. आपल्या तीन पत्तीत तीन पत्ते, बूट म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम टाकायची, चाल चालायची, दम असेल तोवर टिकायचं. पोकरच्या या प्रकारात दोन पत्ते तुमचे, झाकलेले, आणि पाच पत्ते सगळ्यांचे मिळून टेबलावर उघडे. आधी तीन एकदम, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. सातांतले उत्तम पाच धरायचे. पण खरा फरक इथे नाही. आमच्याकडच्या डावात ज्याचा खिसा खोल तो शेवटी भारी पडतो. चाल वाढवत न्यायची, समोरच्याला पत्ता चांगला असूनही परवडेनासं करायचं आणि तो पॅक झाला की गल्ला ओढायचा. पैसे संपले तर पोराला घरी पिटाळून मागवायचे. आखाजीच्या शेवटी गावातले जिंकणारे बहुतेक दरवर्षी तेच असतात, आणि ते पत्त्यात हुशार असतात म्हणून नव्हे.

त्या स्पर्धेत तसं चालत नाही. प्रत्येकाने १०,००० डॉलर भरायचे, प्रत्येकाला १०,००० च्याच चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी खेळायच्या चकत्या. तू कितीही मोठा सावकार अस, चिप्स संपल्या की उठायचं. घरून मागवता येत नाही. ८३९ गुणिले दहा हजार म्हणजे ८३ लाख ९० हजारांच्या चिप्स पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये होत्या आणि पाचव्या रात्री तेवढ्याच होत्या, फक्त सगळ्या एकाच्या पुढ्यात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ताळेबंद जुळल्याचा आनंद ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून बरं वाटेल.

दुसरी मेख म्हणजे दर थोड्या वेळाने सक्तीची बोली वाढत जाते. चांगला पत्ता येईपर्यंत बसून राहतो म्हणणाऱ्याचं भांडवल नुसतं बसण्यात झिजतं. कितीही मुरलेला खेळाडू असो, त्याला कधीतरी आणि मनाविरुद्ध सगळं पणाला लावावंच लागतं. तिथे नशीब आत शिरतं.

मनीमेकरच्या बाबतीत ते कसं शिरलं हे न सांगता त्याचं कौतुक करणं म्हणजे लबाडी होईल. अंतिम टेबलावर नऊ जण बसतात. दहा उरले होते तेव्हा त्याची गाठ फिल आयव्हीशी पडली. आदल्याच वर्षी तीन स्पर्धा मारलेला, तेव्हाच दबदबा असलेला खेळाडू. आयव्हीकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे एक्का आणि राणी. टेबलावर पहिल्या तिनांत दोन राण्या आणि छक्की. म्हणजे मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. चौथा पत्ता नव्वी! आयव्हीचं फुल हाउस, म्हणजे तीन एकसारखे आणि वर एक जोडी, आणि मनीमेकर एका क्षणात मागे. सगळे पैसे मध्ये. आता एकच पत्ता उरला. मी कागदावर मांडलं: न दिसलेले पत्ते ४४. मनीमेकरला तारणारे तीन एक्के, एक राणी, तीन छक्क्या, असे सात. चव्वेचाळीसात सात म्हणजे शेकड्याला सोळाच्या आत. आला एक्का. आयव्ही दहावा ठरून उठला आणि कहाणीचा नायक मनीमेकर ठरला.

त्या एका पत्त्याच्या जागी उरलेल्या ३७ पैकी कोणताही आला असता तर तो डाव आयव्हीचा झाला असता आणि कदाचित मी हा लेख लिहीत नसतो. पण नुसतं नशीब म्हणून सोडून देता येत नाही, त्याचं कारण शेवटचा सामना. आणि तो मला नीट समजावला तो आमच्या नानांनी.

नाना माझे चुलत काका. आखाजीचा डाव आमच्या खळ्यात त्यांच्याशिवाय लागत नाही. इंग्रजीशी त्यांचं वैर, पोकर कसा खेळतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. एका आखाजीला दुपारच्या जेवणानंतर डाव थोडा थंडावला होता, तेव्हा मी त्यांना मोबाइलवर तो गाजलेला हात दाखवला. खेळ समजायला त्यांना फार वेळ लागला नाही. दोन झाकलेले, पाच उघडे, एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, पुढे लाव.

समोर सॅमी फराह. लेबनॉनमध्ये जन्मलेला, अंगावर झकपक कपडे, ओठांत न पेटवलेली सिगारेट, चेहऱ्यावर हे असलं रोजचंच आहे असा भाव. इकडे टोपी आणि काळा चष्मा घातलेला गुबगुबीत अकाउंटंट. पडद्यावर दोघांचे पत्ते दिसतात. मी मनीमेकरचे पत्ते अंगठ्याने झाकले, म्हणजे नानांना फराहला दिसत होतं तेवढंच दिसेल.

फराहकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फराहची नव्व्यांची जोडी जमली, टेबलावर तिच्याहून मोठा पत्ता नाही. चौथा पत्ता इस्पिकची अठ्ठी. आता फराहला आणखी एक इस्पिक आलं की रंगही, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते, जमतो. दोघांनी बोली वाढवली. पाचवा पत्ता बदामची तिर्री. कुणाचं काही जमलं नाही असा पत्ता. फराह काही न बोलता थांबला आणि मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या.

इथे मी व्हिडिओ थांबवला. नाना, तुम्ही काय कराल?

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. टेबलावर तीन इस्पिक आहेत, याच्याकडे रंग असेल तर नव्व्यांच्या जोडीला कोण विचारतो. पण रंग जमला असता तर आधीच एवढा जोर लावला असता का, शेवटी का लावला? असं बरंच काही स्वतःशी बोलून ते म्हणाले, "त्यानाकडे काईच नही शे."

मग घेणार का?

"नही. मी बी टाकी देतू."

मी अंगठा काढला. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स. एक इस्पिक, एक पंजी किंवा एक दश्शी आली असती तर काहीतरी जमलं असतं, आलं काहीच नाही. आणि फराहनेही अगदी नानांसारखंच केलं. तुझा रंग हुकलाय बहुतेक, अशा अर्थाचं मनीमेकरला तोंडावर बोलला, म्हणजे ओळखलं होतं, आणि थोडा वेळ घेऊन पत्ते टाकून दिले.

मला हेच कळत नव्हतं. ओळखलं तर टाकले का? आणि नानांनी तरी का टाकले?

नानांनी फराहकडे बोट दाखवलं. "त्याले सकाय परत बसनं शे. याले नही."

त्यांचं म्हणणं त्यांनी मग सावकाश फोडून सांगितलं. हा सिगारेटवाला रोज बसणारा माणूस आहे. रोज बसणारा एका हातावर घर लावत नाही, कारण त्याचा भरवसा पुढच्या हातावर असतो. समोर नवशिक्या आहे, आज ना उद्या स्वतःहून चूक करेल, मग आपण संशयावर का उडी मारायची? आणि नवशिक्याला हे ठाऊक असो-नसो, त्याच्याकडे पुढचा हात नावाची चीजच नसते. तो आयुष्यात एकदा तिथे पोचलाय.

पोकरच्या जाणकारांनी या हातावर पानंच्या पानं लिहिली आहेत. काही जण फराहने घ्यायला हवं होतं म्हणतात, काही त्याची बाजू घेतात. माझ्या मते नानांच्या वाक्यात सगळं आलं. आणि त्याला दुजोरा देणारी गोष्ट त्या रात्री आधीच घडली होती. दोघंच उरले तेव्हा मनीमेकरने फराहपुढे प्रस्ताव ठेवला की उरलेली बक्षिसं निम्मी-निम्मी करू. पहिलं २५ लाखांचं, दुसरं १३ लाखांचं, एकूण ३८. निम्मे म्हणजे प्रत्येकी १९ लाख पक्के. फराहला ते पटलं नाही. आपण खेळाडू म्हणून वरचढ आहोत, तर समसमान का वाटायचं? गर्विष्ठ वाटेल, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. असे शंभर सामने झाले असते तर निम्म्याहून कितीतरी जास्त फराह जिंकला असता. अडचण एवढीच की सामना एकच होता.

शेवटचा हात तर साधासुधा. मनीमेकरकडे पंजी आणि चौकी, फराहकडे गुलाम आणि दश्शी. टेबलावर गुलाम, पंजी, चौकी. फराहला वाटलं आपली गुलामांची जोडी भारी, इकडे अकाउंटंटच्या दोन जोड्या. शेवटी आणखी एक पंजी आली आणि फुल हाउस. फराह उठला, हात मिळवला आणि सहा लाख डॉलर कमी घेऊन गेला.

नानांना मी सगळे आकडे सांगितले. त्यांनी पहिलं विचारलं ते बक्षिसाबद्दल नव्हतं. "नाल कितला?" अड्डा चालवणारा दर डावातून जो वाटा काढतो, तो. मी सांगितलं. ८३ लाख ९० हजार जमले, बक्षिसांत वाटले ७८ लाख २ हजार ७००. शेकडा सात कापले. नानांच्या मते सात जास्त नाहीत, कारण खुर्च्या, दिवे आणि पाणी त्यांचं.

बक्षिसं ६३ जणांना मिळाली. म्हणजे ७७६ जण रिकाम्या हाताने गेले. प्रत्येकाचे दहा हजार. मनीमेकरचे २५ लाख म्हणजे यांच्यापैकी अडीचशे माणसांचे अख्खे पैसे. ही ओळ कुठल्याच गोष्टीत मोठ्या अक्षरात छापत नाहीत, पण ती खातेवहीत आहे. आमच्याकडे लोक सर्रास म्हणतात की शेतीसुद्धा जुगारच आहे, केळी लावणं म्हणजे तीन पत्ती. मला ही तुलना आवडत नाही. वैशाखातल्या एका वादळाने बाग आडवी होते, निसवलेली झाडं मोडतात, करपा येतो, घड कापायला आले की भाव पडतो. सगळं खरं. पण माझी बाग पडली म्हणून समोर बसलेल्याच्या पुढ्यात माझे पैसे सरकत नाहीत. पत्त्यात जिंकलेला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी खिशातून आलेला असतो, आणि तो कुणीतरी बहुधा शेजारी असतो.

मनीमेकरच्या विजयानंतर काय झालं ते आकडेच सांगतात. २००३ मध्ये ८३९. २००४ मध्ये २,५७६. २००५ मध्ये ५,६१९. २००६ मध्ये ८,७७३. प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार असणार: एक अकाउंटंट जिंकतो तर मी का नाही? २००४ ला जिंकला तो ग्रेग रेमर पेटंटचा वकील, तोही ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला. २००५ चा जो हाशेम ऑस्ट्रेलियात पाठीच्या मणक्यांवर उपचार करणारा. म्हणजे आशेला खतपाणी मिळतच राहिलं. २०२४ ला तर १०,११२ जण बसले होते. हौशी माणसं येतात म्हणून बक्षीस मोठं होतं, बक्षीस मोठं होतं म्हणून हौशी माणसं येतात. या चक्रात रोज बसणाऱ्या व्यावसायिकांचं भलंच झालं. वेगासच्या त्या एका रात्रीत त्यांनी एक स्पर्धा गमावली आणि पुढच्या कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक कमावलं.

आणि तो स्वतः? त्याने नोकरी सोडली, ज्या ऑनलाइन कंपनीतून आला होता तिचा चेहरा झाला, २०१९ मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेला. पुढेही खेळत राहिला, दोन-चार ठिकाणी वरच्या नंबरात आला. पण तसं पुन्हा झालं नाही. व्हायचं कारणही नव्हतं. आता तोही रोज बसणारा झाला होता. त्या रात्री त्याच्या हातात फराहकडे नसलेलं जे होतं, ते जिंकल्याबरोबर गेलं.

नानांचा धाकटा हे सगळं मागे उभा राहून ऐकत होता. त्याची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही, नाव तेवढं नको. रमी, मग मोबाइलवरचा पोकर. बांधावर बसून, ट्रॅक्टरवर बसून, रात्री अंथरुणात. आखाजीची वाट बघायची गरज नाही, सालभर आखाजी. समोर कोण बसलंय ते दिसत नाही, नानांसारखं चेहऱ्याकडे बघून ताडायची सोय नाही, आणि हरलेले पैसे गावातल्या कुणाकडे गेले नसल्याने परत मागायला कुणाचं दारही नाही. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला. तो निकाल समोरासमोर बसून खेळणाऱ्यांचा होता. मोबाइलवाल्यांनी त्याचा आडोसा घेतला. कौशल्याचा खेळ आहे हे मलाही मान्य आहे. पण मग कौशल्य असलेला कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे विचारायला नको का? मोटारसायकल गेली, बैलजोडीचे पैसे गेले. नानांनी दोनदा भरून दिलं, तिसऱ्यांदा तोंड फिरवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा आमच्या गावात त्या कायद्याबद्दल कुणी वाद घातला नाही. उशीर झाला, एवढंच म्हणाले.

ही दुपार त्या कायद्याच्या आधीची, आणि तेव्हा बापलेकांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे धाकट्याने मला विचारलं ते नानांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं: त्या मनीमेकरचे सगळे पंचवीस लाख त्याचेच का?

नाही, मी म्हणालो. वेगासला जायच्या आधी त्याने हिस्सा विकला होता. थोडा एका मित्राने घेतला, थोडा त्याच्या बापाने.

"बापनी?" नाना एकदम सावध झाले. बापाने पोराच्या पत्त्यांवर पैसे लावले, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन थोडा लांब धरला, त्या टोपीवाल्याकडे नीट पाहिलं.

"मंग जुगार तं त्याना बापनी खेया," ते म्हणाले. "हाऊ तं नुसता बसना."

धाकट्याला हसू आवरेना. नानांनी त्याच्याकडे न बघता फोन परत केला आणि पत्ते पिसायला घेतले. त्याला मात्र डावात घेतलं नाही.